न मिटलेलं मीत्ला

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात माउंट व्हर्नन अव्हेन्यूवर एक हॉटेल आहे. त्याची पाटी मराठी माणसाने वाचली तर दुकान कधीच बंद पडलं असेल असं वाटावं. नाव आहे मीत्ला कॅफे, पण इंग्रजी अक्षरं आपण सरळ ‘मिटला’ अशी लावतो. मूळ मीत्ला हे मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातलं प्राचीन स्थळ. तिथल्या दगडी भिंतींवरची भौमितिक नक्षी प्रसिद्ध आहे. इकडचं मीत्ला लुसिया रॉड्रिगेझ या बाईंनी १९३७ साली काढलं. ते आजही चालू आहे आणि घरातलीच माणसं ते चालवतात.

खाद्यइतिहास वाचणाऱ्यांना हे हॉटेल माहीत असतं ते दुसऱ्याच माणसामुळे. १९५०च्या सुमाराला याच रस्त्यावर, मीत्लाच्या समोर, ग्लेन बेल नावाच्या तरुणाची हॉट डॉग आणि हॅम्बर्गरची टपरी होती. समोरच्या हॉटेलात टॅको, म्हणजे टॉर्टिया नावाच्या मक्याच्या पातळ भाकरीत सारण घालून केलेला मेक्सिकन पदार्थ, खायला येणारी गर्दी त्याला रोज दिसायची. तोही तिकडे जाऊन खायला लागला. टॅको कसा करतात याचा छडा लावायला तो सारखा यायचा आणि एकदा त्याला स्वयंपाकघरातही येऊ दिलं, असं मीत्लाच्या कुटुंबाकडून पुढे सांगितलं गेलं. १९५१मध्ये बेलच्या टपरीवर १९ सेंटांना टॅको मिळायला लागला. १९६२मध्ये डाउनी गावी पहिलं ‘टॅको बेल’ उघडलं. आज त्या नावाची आठ हजारांहून जास्त दुकानं आहेत. मीत्ला मात्र एकच आहे.

ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका तऱ्हेत बेल चोर असतो, दुसरीत हिकमती उद्योजक. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींत टॅकोकडे कुणी नीट बघतच नाही. बेलने समोरून काय उचललं आणि काय तिथेच राहिलं, हे कढईपाशी उभं राहिलं की बऱ्यापैकी कळतं. मी सॅन बर्नार्डिनोपासून पाऊण तासावर राहते. मीत्लात जेवले आहे आणि घरी तेलाचे चटकेही खाल्ले आहेत. तेवढ्या जोरावर हे प्रकरण मांडते आहे.

रस्ता आणि गाव

आधी रस्ता समजून घ्यायला हवा. सांता फे रेल्वेचे मोठे कारखाने या गावात होते, आजूबाजूला संत्र्यांच्या बागा होत्या आणि फळं पेट्यांत भरण्याचे कारखाने होते. दोन्हीकडे मेक्सिकन मजूर राबायचे आणि राहायचे गावाच्या पश्चिमेला. माउंट व्हर्नन ही त्या वस्तीची बाजारपेठ. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा रूट ६६ महामार्गही इथूनच जायचा. त्यामुळे मीत्लाच्या टेबलावर रेल्वेचा कामगार, त्याची बायकामुलं आणि लांबच्या प्रवासाला निघालेला गोरा ड्रायव्हर अशी सरमिसळ असायची.

बाहेर सरमिसळ नव्हती. पेरिस हिल पार्कमधल्या नगरपालिकेच्या जलतरण तलावात मेक्सिकन वंशाच्या मुलांना रोज जाता येत नसे. त्यांना ठरावीक दिवस, तोही तलावातलं पाणी बदलण्याआधीचा. वस्तीतले लोक याविरुद्ध एकत्र आले. संपादक इग्नासिओ लोपेझ आणि इतर काही जणांनी महापौर सेकोम यांच्यावर फिर्याद लावली आणि १९४४मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्यांचे वकील डेव्हिड मार्कस यांनीच पुढे मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा मेंडेझ खटला चालवला आणि तोही जिंकला. तलावाच्या लढ्याच्या बैठका जिथे व्हायच्या त्यात हे हॉटेल होतं. सार्वजनिक पाण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागणं मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातला निकाल मार्च १९३७चा, म्हणजे लुसियाबाईंनी हॉटेल काढलं त्याच वर्षीचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण साल वाचून मी थबकले खरी.

याच गावात मॅकडोनाल्ड बंधूंचंही हॉटेल होतं. १९४८मध्ये त्यांनी ताटंवाट्या आणि गाडीपाशी आणून देणं बंद केलं, यादी चारदोन पदार्थांवर आणली आणि स्वयंपाकघर कारखान्यासारखं लावलं. बेलच्या डोळ्यांसमोर एकीकडे हे होतं आणि दुसरीकडे मीत्ला. पश्चिम वस्तीत टपरी टाकणाऱ्या या माणसाने दोन्हींकडून शिकवणी घेतली.

ताटात काय येतं

मीत्लाचा नावाजलेला टॅको मक्याच्या तळलेल्या टॉर्टियाचा असतो. आत बीफचा खिमा आणि वरून चिरलेलं आइसबर्ग लेट्यूस, टोमॅटो, किसलेलं पिवळं चेडार चीज. मेक्सिको सिटीहून आलेला माणूस नाक मुरडेल. चेडार आणि आइसबर्ग तिकडच्या टॅकोत कुठून येणार? पण भरून तळलेला टॅको मेक्सिकोत जुनाच आहे, त्याला ‘टाकोस दोरादोस’ म्हणतात. त्यावर पडलेलं चीज आणि पाला सॅन बर्नार्डिनोच्या वाण्याकडे जे मिळे त्यातला आहे. स्थलांतरिताचं घरचं जेवण असंच तयार होतं. इथे ‘अस्सल’ की ‘नक्कल’ हा वाद घालणाऱ्यांनी अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात बिस्क्विक नावाचं तयार पीठ घालून केलेले गुलाबजाम खाऊन बघावेत आणि मग बोलावं.

ताटात बाजूला भात आणि राजम्याची दाट उसळ असते. भात आधी तेलात परततात, मग त्यावर टोमॅटो, कांदा, लसणाचं वाटण आणि सूप घालून शिजवतात. आपल्या टोमॅटो भाताचा सख्खा चुलतभाऊ म्हणा. पिंटो राजमा मऊ शिजवून चरबीत परतत घोटतात, त्याला म्हणतात ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’. इंग्रजीत त्याचं भाषांतर ‘दोनदा तळलेले’ असं झालं आणि घोळ झाला. स्पॅनिशमधला ‘रे’ इथे ‘पुन्हा’ नसून ‘चांगलं खरपूस’ या अर्थाचा आहे.

चिले रेयेनो हा तिथला दुसरा मानाचा पदार्थ. पोब्लानो मिरची भरताच्या वांग्यासारखी जाळावर भाजायची, काळी साल काढायची, चीज भरायचं, फेटून फुगवलेल्या अंड्यात बुडवायची आणि तळायची. यात सोलणं हेच खरं काम. घाई केली की मिरची फाटते आणि चीज तेलात पळतं. टॅको बेलच्या नेहमीच्या यादीत हा पदार्थ नाही. ही बाब पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

टॉर्टियाबद्दल थोडं, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. मक्याचं कोरडं पीठ भिजवून टॉर्टिया होत नाही. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सालं चोळून धुतात आणि ओले वाटतात. पूर्वी ते मेताते नावाच्या दगडावर वाटायचे. आपला पाटा-वरवंटाच, फक्त पाटा उतरता आणि खाली पाय असलेला. भाकरीचं पीठ जुळावं म्हणून आपण आधणाचं पाणी घालतो, ते काम तिथे चुना करतो. शिवाय चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला तेव्हा चुन्याची रीत मागेच राहिली, आणि जे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत होते त्यांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा रोग, झाला.

मका म्हटल्यावर पांडुरंग खानखोजे आठवतातच. वर्ध्याचा हा गदर पक्षाचा क्रांतिकारक इंग्रजांना चुकवत देश पालथे घालत १९२४मध्ये मेक्सिकोला पोचला, चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाला आणि मक्याच्या वाणांवर काम करू लागला. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीवर रंगवलेल्या भिंतीचित्रात खानखोजे आहेत. टॉर्टिया थापणाऱ्या आणि भाकरी थापणाऱ्या हातांची ओळख लागायला मला एवढा दुवा पुरतो.

कढईपाशी

आता मुख्य मुद्दा. मीत्लात टॅको होतो तो भरून मग तळून. बेलकडे तो तळून मग भरून व्हायला लागला. वाचताना यात काही विशेष वाटत नाही, म्हणून मी दोन्ही करून बघायचं ठरवलं. त्या आठवड्यात पुण्याहून आत्या आली होती. ती स्टूल ओढून ओट्यापाशी बसली.

पहिली पद्धत. टॉर्टिया आधी तव्यावर गरम करायचा, नाहीतर दुमडताना मधोमध चिरतो. गरम टॉर्टियाच्या अर्ध्या भागावर शिजवलेला खिमा दाबून पसरायचा, घडी घालायची आणि बोटभर तेलात आडवा सोडायचा. पहिले काही क्षण चिमट्याने घडी धरून ठेवावी लागते, कारण टॉर्टिया उघडायला बघतो. मग कडा कडक होतात आणि घडी आपणहून बसते. उलटायचा, अजून अर्धा मिनिट. बाहेर काढून उभा धरायचा, तेल निथळतं. मग तोंड जरा फाकवून आत चीज आणि पाला कोंबायचा. चीज खिम्याच्या वाफेने वितळायला लागतं. गंमत अशी की कडा कुरकुरीत होतात, पण घडीचा तळ खिम्याच्या रसाने थोडा चिवट राहतो. चावताना टॅको मोडून हातात तुकडे येत नाहीत.

आत्या म्हणाली, “अगं, कड नाही का दाबायची? सारण बाहेर येईल.”

“दाबत नाहीत, आत्या. वरून पाला घालायचा असतो ना.”

“मग हा उघडा सामोसाच की.”

दुसरी पद्धत. रिकामा टॉर्टिया तेलात सोडायचा आणि इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून चिमट्याने धरून ठेवायचा. एकाला एक मिनिट. तेवढा वेळ दुसरं काही करता येत नाही आणि तेलाची वाफ मनगटावर येते. तीन झाले आणि माझा धीर संपला. बेललाही हीच अडचण आली असणार. त्याने कोंबड्यांची खुराडी बनवणाऱ्या एका माणसाकडून तारेची चौकट करून घेतली, तिच्यात एका वेळी सहा टॉर्टिया वाकलेले बसायचे. याचं श्रेय त्यालाच दिलं जातं, पण ते सगळं त्याचं नाही. न्यूयॉर्कमधले मेक्सिकन हॉटेलवाले हुवेन्सिओ माल्दोनादो यांना टॉर्टिया आकारात धरून तळायच्या साधनाचं पेटंट १९५०मध्येच मिळालं होतं.

माझ्या तीन पोकळ टॅकोंतला एक आत्याने उचलला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, “ही तर शेवपुरीची पुरी झाली. डब्यात भरून ठेव, आठ-पंधरा दिवस काही होत नाही.”

मी इतके दिवस जे वाचत होते ते आत्याने एका वाक्यात सांगून टाकलं. उघडा सामोसा तळला की खायचा असतो. तो करणाऱ्याला खाणाऱ्याची वाट बघावी लागते आणि खाणाऱ्याला करणाऱ्याची. शेवपुरीची पुरी सकाळी तळली तरी चालते, कुणी दुसऱ्याने दुसऱ्या गावात तळली तरी चालते. भेळवाल्याला तळता यायची गरजच उरत नाही. पुरी, सारण, चटणी, शेव, दहा सेकंदांत हातात. बेलने समोरून चव नेली असं म्हणतात, पण खरं तर चव त्याला फारशी नेता आलीच नाही. त्याने पदार्थाचा क्रम उलटा केला आणि त्या एका उलटापालटीने टॅको मॅकडोनाल्ड बंधूंच्या पद्धतीत बसला. चिले रेयेनोचा क्रम असा उलटता येत नाही. मिरची सोलावीच लागते आणि भरून झाल्याशिवाय तळता येत नाही, म्हणून तो समोरच्या बाजूलाच राहिला.

या क्रमाची किंमत टॅकोने मोजली. पोकळ तळलेला टॉर्टिया पूर्ण सुकतो, म्हणून पहिल्या घासाला मधोमध फुटतो आणि सारण मांडीवर. बेलने स्वतः सांगितलेली आठवण आहे: पहिल्या टॅकोच्या गिऱ्हाइकाच्या बाहीवर रस ओघळला, आता हा काय बोलतो म्हणून बेल धास्तावला, तर तो माणूस आणखी एक मागायला परत आला.

पुढचं थोडक्यात

टॅको टिया, एल टॅको अशी नावं घेत बेल टॅको बेलपर्यंत आला. १९७८मध्ये त्याने कंपनी पेप्सिकोला विकली. २०१०मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी टॅको बेल बंगळुरूत उघडून भारतात आलं. आता पुण्यामुंबईतही आहे, अर्थात बीफशिवाय. मेक्सिकोत मात्र ते दोनदा जाऊन दोनदा परत आलं, १९९२मध्ये आणि पुन्हा २००७मध्ये. दुसऱ्या वेळी तर कडक टॅकोला ‘टाकोस्तादा’ असं नवीन नाव ठेवावं लागलं, कारण तिथल्या माणसाला ‘टॅको’ म्हणून ते दिलं असतं तर त्याने विचारलं असतं, हे काय?

मीत्लाच्या बाजूचा इतिहास असा चढता नाही. नवा महामार्ग झाला आणि रूट ६६ची वाहनं तिकडे वळली. तो महामार्ग पश्चिम वस्ती आणि गावाचं मधलं बाजारपेठेचं अंग यांच्या मधूनच गेला. नव्वदच्या दशकात सांता फेचे कारखाने गेले, नॉर्टन हवाई तळ १९९४मध्ये बंद झाला. २०१२मध्ये तर नगरपालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली. गिऱ्हाइकाचा पगार ज्यांच्यावर चालत होता ते सगळे एकेक करून गेले आणि हॉटेल राहिलं. माझ्या मते याचं उत्तरही त्याच क्रमात आहे. जे हॉटेल येणाऱ्याची वाट बघून तळतं, ते शंभर ठिकाणी पसरू शकत नाही, पण त्याच्याकडे तीन पिढ्यांची एकाच आडनावाची गिऱ्हाइकं येतात. बारशापासून मयतानंतरच्या जेवणापर्यंत त्यांना हीच जागा माहीत असते. तलावाची बैठक टपरीच्या खिडकीपाशी उभ्या-उभ्या झाली नसती. बसायला टेबल लागतं, आणि बसलेल्याला उठवायची घाई नसलेला मालक लागतो.

कुटुंबाकडून बेलबद्दल कडवट ऐकू येईल अशी माझी अपेक्षा होती. छापून आलेल्या बोलण्यात तसं नाही. भलं झालं त्याचं, उद्योगी होता, टॅको त्याने खपवले खरे, असा एकूण सूर. मला आधी हा मोठेपणा वाटला. आता वाटतं, त्यांच्या दृष्टीने त्याने नेलेली वस्तू वेगळीच होती.

शाकाहारी मंडळींसाठी

हे प्रकरण वाचून कुणी मराठी कुटुंब अशा घरगुती मेक्सिकन हॉटेलात जाणार असेल, मग ते मीत्ला असो की तुमच्या गावातलं कुठलंही, तर चार गोष्टी सांगणं भाग आहे. राजम्यात बहुधा डुकराची चरबी, ‘मान्तेका’, असते. भातात बहुधा कोंबडीचं सूप असतं. रंगाकडे बघून दोन्हींचा पत्ता लागत नाही. ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढंच सांगून भागत नाही, कारण ‘कार्ने’ म्हटलं की बऱ्याच स्वयंपाकघरांत बीफच समजतात आणि कोंबडी घातलेली प्लेट हसत पुढे येते. तेव्हा ‘सिन पोयो, सिन मान्तेका’ असं पदार्थ सुटे-सुटे करून विचारावं. घरचं हॉटेल असल्याचा फायदा इथेच होतो: उत्तर देणारा माणूस आणि शिजवणारा माणूस यांच्यात एक दार असतं, आतून विचारून येतात.

चिले रेयेनोत अंडं असतं हे वर आलंच आहे. मोठ्या शहरांतल्या मेक्सिकन खानावळींत भोपळ्याच्या फुलांचा केसाडिया (चीज भरून दुमडलेला टॉर्टिया) मिळाला तर सोडू नये. आणि ‘वित्लाकोचे’ दिसलं तर आपल्या शेतकरी आजोबांना सांगू नये. ती मक्यावरची काणी आहे. आपण ज्वारीवर दिसली की उपटून जाळतो, ते लोक चढ्या भावाने विकत घेतात. चव अळंबीच्या जवळची, चांगली लागते.

कढईच्या प्रयोगाचा हिशेब द्यायचा राहिला. भरून तळलेले नऊ टॅको केले होते. आत्या बीफ खात नाही, म्हणून तिचे दोन बटाट्याचे. ते सगळे ओट्यापाशीच संपले, टेबलापर्यंत एकही गेला नाही. पोकळ तीन आत्याने खरोखरच स्टीलच्या डब्यात भरले. पुढच्या शनिवारी तिने ते हाताने मोडले, वर चिंचेची चटणी, कांदा आणि शेव घातली, आणि कुरकुरीत राहिलेत म्हणून मला बोलावून दाखवले.